पट्टा, कमान आणि मान

जडत्वाचा पाठ शिकवताना मोटारीच्या सुरक्षापट्ट्याचे उदाहरण बहुतेक शिक्षक देतात. त्यावर एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "शर्यतीच्या मोटारीत चालकाला पाच-सहा पट्ट्यांनी जखडलेले असते, डोक्यावर हेल्मेट असते, मागे पोलादी कमान असते. मग साध्या मोटारीत हे सगळे का बसवत नाहीत?" खर्च परवडत नाही, असे सांगून हा प्रश्न मिटवता येतो. पण ते उत्तर अपुरे आहे. शर्यतीतली काही साधने रस्त्यावर आणली, तर ती चालकाला वाचवण्याऐवजी इजा करू शकतात. असे का होते, हे समजण्यासाठी या साधनांचा इतिहास पाहावा लागतो.

हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो छप्पर उघडता येणाऱ्या छोट्या मोटारींच्या बाबतीत. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदा या जपानी कंपनीने एमएक्स-५ मियाटा ही दोन आसनांची गाडी मांडली. वजन सुमारे साडेनऊशे किलो, छप्पर कापडी, किंमत मध्यमवर्गीय अमेरिकी माणसाला झेपेल अशी. एप्रिल २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. अनेक मालक सोमवार ते शुक्रवार याच गाडीने कामावर जातात आणि सुटीच्या दिवशी तीच शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर पळवतात. गाडी उलटलीच, तर कापडी छप्पर तिचे वजन पेलू शकत नाही. म्हणून अशा मार्गांचे संयोजक बहुधा आसनामागे पोलादी नळीची कमान, म्हणजे रोलबार, बसवायला सांगतात. कमान आली की मालकाला वाटते, शर्यतीचे पट्टेही घ्यावेत, आसनही बदलावे. आणि सोमवारी सकाळी हीच गाडी पुन्हा कामावर निघते. यातले रस्त्यावर काय ठेवायचे आणि काय नाही?

पट्टा नको म्हणणारे चालक

१९५० च्या दशकात युरोपातले शर्यतीचे चालक पट्टा बांधत नसत. अपघात झाला तर गाडीबाहेर फेकले जाणे बरे, असे ते मानत. आज हे अडाणीपणाचे वाटते, पण त्या गाड्या डोळ्यांसमोर आणल्या की त्यामागचा विचार कळतो. गाडी उघडी, कमान नाही, आणि चालकाच्या आजूबाजूला पेट्रोलच्या पातळ पत्र्याच्या टाक्या. अशा गाडीला स्वतःला बांधून घेणे म्हणजे उलटल्यावर तिच्याखाली चिरडणे किंवा पेटल्यावर आत अडकणे.

१९६१ मध्ये फॉर्म्युला वन गाड्यांना रोलबार सक्तीचा झाला. मात्र सुरुवातीच्या कित्येक कमानी चालकाच्या डोक्यापेक्षाही खुज्या होत्या. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे जॅकी स्टुअर्ट याची गाडी पावसात मार्गाबाहेर गेली. स्टिअरिंगच्या चाकाखाली त्याचा पाय अडकला आणि अंगावर पेट्रोल गळत राहिले. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या दोन सहस्पर्धकांनी एका प्रेक्षकाकडून पाना आणून चाक काढले, तेव्हा कुठे तो सुटला. पुढे स्टुअर्टने शर्यतींच्या सुरक्षिततेसाठी वर्षानुवर्षे झगडा केला. यातून लक्षात येते ते असे, की गाडी उलटल्यावर डोक्यावर जागा राखणारी कमान असेल आणि टाकी सहज फुटणारी नसेल, तरच पट्ट्याला अर्थ येतो. पट्टा, कमान आणि टाकी ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत.

विमानातून मोटारीत

पट्ट्याचे शास्त्र मोटारीपेक्षा विमानविद्येत आधी तयार झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ह्यू डीहेवन हा तरुण वैमानिकाचे शिक्षण घेत असताना विमान अपघातात सापडला. पट्ट्याच्या बकलामुळेच पोटातील इंद्रियांना इजा झाली, असे त्याला वाटले. पुढे उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांचा त्याने अभ्यास केला आणि १९४२ मध्ये निष्कर्ष मांडला. वेग माणसाला मारत नाही. तो किती अंतरात थांबतो आणि आघात शरीराच्या कोणत्या भागावर किती पसरतो, यावर सारे अवलंबून असते.

हे गणित वर्गात सहज करून दाखवता येते. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागले की सरासरी मंदन मिळते. गाडीचे नाक चेपले जाऊन आणि पट्टा किंचित ताणला जाऊन माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर मंदन २२५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २३ पट येते. पट्टा नसलेला माणूस पुढच्या फळीवर आदळून पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर तेच २३० पट होते. पट्टा माणसाला आसनावर धरून ठेवतो; पण त्याचे खरे काम थांबण्याचे अंतर वाढवण्याचे आहे.

शरीर किती सोसू शकते, हे अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटने ढकललेल्या रुळांवरील घसरगाडीत ते बसले. ताशी सुमारे १०१७ किलोमीटर वेग गाठून ती गाडी १.४ सेकंदांत थांबली. मंदनाचा कमाल आकडा गुरुत्वत्वरणाच्या ४६ पट होता. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, पण स्टॅप वाचले. शरीर नीट बांधलेले असेल तर ते कल्पनेपेक्षा पुष्कळ सोसते, हे सिद्ध झाले.

मोटारीत हे ज्ञान आणण्याचे मोठे श्रेय निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याचे. साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर उडवणाऱ्या आसनांवर काम करून तो १९५८ मध्ये व्होल्वोत आला. वैमानिकाचे चार-पाच पट्टे साधा माणूस रोज बांधणार नाही, हे त्याने ओळखले. एका हाताने बांधता येईल असा, कमरेवरून आणि छातीवरून जाणारा आणि कमरेच्या बाजूला अडकणारा त्रिबिंदू पट्टा त्याने तयार केला. १९५९ पासून तो व्होल्वोच्या गाड्यांत आला आणि कंपनीने ते पेटंट इतरांनाही वापरू दिले. पुढे त्याला धक्क्यासरशी घट्ट होणारे गुंडाळे जोडले गेले. एरवी चालकाला वळून पाहता येते, वाकून हात लांब करता येतो. आघात झाला की पट्टा आवळतो. ही मोकळीक रस्त्यावर आवश्यक आहे, कारण तिथे मागून सायकलवाला येतो आणि कडेने मूल धावत येते.

घट्ट बांधल्यावर

शर्यतीत मात्र शरीर जितके घट्ट तितके बरे, असा विचार पुढे गेला. तिथे नवी अडचण दिसली. खांद्यांवरचे दोन पट्टे धक्क्याच्या वेळी कमरेच्या पट्ट्याला वर खेचतात. तो ओटीपोटाच्या हाडांवरून सरकून मऊ पोटावर येतो आणि शरीर त्याखालून पुढे घसरते. हे टाळण्यासाठी मांड्यांमधून जाणारा आणखी एक पट्टा लागतो. आगीत झटकन बाहेर पडता यावे म्हणून योखन रिंट हा पट्टा बांधत नसे. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सरावात त्याची गाडी कठड्यावर आदळली. तो खाली घसरला आणि पट्ट्याच्या बकलाने गळ्याला झालेली जखम प्राणघातक ठरली. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. १९७२ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये सहा ठिकाणी बांधले जाणारे पट्टे सक्तीचे झाले. म्हणूनच मांडीपट्टा नसलेले साधे चौपट्टी हार्नेस दिसायला शर्यतीचे असले, तरी हा दोष त्यांत राहतो.

धड जागच्या जागी राहिले, तेव्हा पुढचा कच्चा दुवा उघडा पडला. तो म्हणजे मान. खांदे जखडलेले असतात, डोके मात्र जडत्वाने पुढे जातच राहते. डोके साडेचार किलोचे आणि हेल्मेट दीड किलोचे धरले, तर गुरुत्वत्वरणाच्या ४० पट मंदनाला मानेवर २४० किलो वजनाइतका ताण येतो. कवटीचा तळ मणक्याला जोडलेला असतो, तिथेच हाड मोडते. मिशिगन स्टेट विद्यापीठातील जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग, यांनी १९८० च्या दशकात यावर उपाय काढला. खांद्यांवर बसणारे एक ताठ जू, ते दाबून धरणारे दोन खांदेपट्टे, आणि जुवापासून हेल्मेटला जोडलेल्या दोन दोऱ्या. डोके आता धडाबरोबरच थांबते. या साधनाला हॅन्स म्हणतात. ते अवजड वाटते, हालचाल अडते, अशा तक्रारींमुळे त्याचा प्रसार रेंगाळला. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोना येथे डेल अर्नहार्ट कवटीचा तळ मोडून मरण पावला. त्याच वर्षी अमेरिकेतील नॅस्कार शर्यतींत मानेचे संरक्षण सक्तीचे झाले, आणि २००३ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये.

उघडे छप्पर, उघडे डोके

इकडे रस्त्यावरच्या उघड्या गाड्यांपुढे वेगळाच प्रश्न होता. १९६५ मध्ये पोर्शे कंपनीने टार्गा या गाडीत आसनांमागे रुंद कायमची कमान दिली. अमेरिकेत छपराच्या बळकटीचे कडक नियम येणार या धास्तीने, आणि मागणीही घटल्याने, मोठ्या कंपन्यांनी उघड्या गाड्या बंद केल्या. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ही 'शेवटची' म्हणून विकली गेली. प्रत्यक्षात १९७३ च्या छपराच्या नियमातून उघड्या गाड्या वगळलेल्याच होत्या! १९८९ मध्ये, म्हणजे मियाटाच्याच वर्षी, मर्सिडीझने एसएल गाडीत लपलेली कमान आणली. गाडी उलटू लागताच ती सुमारे ०.३ सेकंदात उभी राहते.

ती एरवी लपलेली का, याचे एक कारण देखणेपणाचे आहे. पण तिचा दुसराही लाभ आहे, आणि मियाटासारख्या गाडीत तो चटकन कळतो. तिथे बाहेरून बसवलेली कमान चालकाच्या डोक्यामागे काही सेंटिमीटरवर येते. शर्यतीच्या मार्गावर हरकत नाही, कारण डोक्यावर हेल्मेट असते. मोटारशर्यतीच्या हेल्मेटची स्नेल संस्थेची चाचणी तर रोलबारवर आदळण्याचा विचार करूनच ठरवलेली आहे. पण रस्त्यावर डोके उघडे असते. मागून साधी धडक बसली तरी आसनाची पाठ मागे झुकते आणि डोके पोलादावर आदळू शकते. नळीवर टणक फोमचे वेष्टन घालतात. त्याने आघात कमी होतो, नाहीसा होत नाही. मग रस्त्यावरही हेल्मेट घालावे का? त्याने कडेचे दिसणे कमी होते, ऐकू कमी येते आणि मानेवरचे वजन वाढते. आधार देणारे जू मात्र तिथे नसते.

आता शर्यतीचे पट्टे पाहू. कमान नसलेल्या उघड्या गाडीत ते बांधले, तर उलटल्यावर माणूस ताठच राहतो. त्याला बाजूला झुकता येत नाही. मानेच्या साधनाविना बांधले, तर ताण मानेवर जातो. गुंडाळे नसल्याने रस्त्यावर चालक ते सैल सोडतो, आणि सैल पट्टा थांबण्याचे अंतर फुकट घालवतो. कंपनीचे स्टिअरिंग काढून शर्यतीचे बसवले, तर त्यातली एअरबॅग जाते.

दोन संच

अनुभवी मालक या सगळ्यातून एक साधी रीत पाळतात. गाडीत दोन संच मानायचे. रस्त्यावर कंपनीचा त्रिबिंदू पट्टा, कंपनीचे आसन, एअरबॅग, आणि डोके पोहोचणार नाही इतकी मागे व उंच असलेली, वेष्टन घातलेली कमान. शर्यतीच्या मार्गावर तीच कमान, पण सोबत न झुकणारे आसन, सहा ठिकाणचे पट्टे, हेल्मेट आणि मानेचे जू. यांतले एकही वगळायचे नाही. कमान पुरेशी उंच आहे का, याची कसोटी झाडूच्या दांड्याने घेतात. कमानीच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत दांडा ठेवायचा. हेल्मेट घालून बसलेल्या चालकाचे डोके त्याच्या खाली राहिले पाहिजे. उंच माणसाच्या बाबतीत कधी कधी काहीच जुळत नाही. आसन खाली घेतले तर रस्ता दिसत नाही, वर घेतले तर डोके दांड्याला लागते. तेव्हा ही गाडी रस्त्याची की शर्यतीची, ते ठरवावेच लागते.

वर्गात हे दाखवायला फार साहित्य लागत नाही. खेळण्यातल्या गाडीवर मातीचा बाहुला बसवावा. मान बारीक तारेची आणि डोके जरा जड ठेवावे. गाडी उतारावरून सोडून पुस्तकावर आदळू द्यावी. आधी बाहुला मोकळा ठेवावा, मग फक्त कंबर दोऱ्याने बांधावी, मग छातीही आवळावी. प्रत्येक वेळी काय वाकते ते मुलांना पाहू द्यावे. शेवटी डोके दोऱ्याने खांद्यांशी जोडून पाहावे. छाती आवळल्यावर मानेची तार किती वाकली, हे मुलांनी मोजले की सुरुवातीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांचे तेच सांगतील. उरलेले निम्मे शाळेच्या फाटकाबाहेर सापडेल. डोक्यावर हेल्मेट ठेवले आहे पण त्याचा पट्टा बांधलेला नाही, असे किती दुचाकीस्वार जातात, ते एक दिवस मोजायला सांगावे.