पंचाचं भांडं

साल १६९४. मुंबई बंदराजवळच्या एका खाणावळीत तुम्ही बाकावर टेकलाय. अंगाला खारा वारा चिकटतोय. खाणावळवाला तीन जिन्नस पुढ्यात ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. तो विसरला नाही, कंपनी सरकारचा हुकूमच तसा आहे: पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं गोव्याचा चांगला अरक एक क्वार्ट, साखर अर्धा पौंड आणि लिंबाचा रस अर्धा पाइंट मागून घ्यावा आणि आपला पंच आपणच करावा. आजच्या मापात जवळपास लिटरभर दारू, सव्वादोनशे ग्रॅम साखर, पाव लिटर रस. एकट्यानं संपवायचं हे भांडं नव्हे, सोबती बोलवा.

साखर आधी रसात विरघळवा. थेट अरकात टाकलीत तर तळाशी बसून राहील. ढवळताना कण खरखरेनासे झाले की अरक ओता, मग पाणी. नाक जवळ न्या. भंडाऱ्यानं माडावर चढून उतरवलेली माडी भट्टीतून निघाली, तरी तिचा आंबूस-गोड वास गेलेला नाही. शेवटी वरून जायफळ किसा.

मोजा, पाच झाले. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर लिहून गेलाय की पंच हे नाव इथल्या 'पाच'वरून पडलं, आणि सर्वांत चांगला अरक गोव्यातल्या नेरूळचा.

आणि आज पंचात पडणारा चहा? त्यासाठी आणखी तीन-चार वर्षं मागे, सुरतेला चला. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री तिथे पाहतोय: लोक चहाच्या पाण्यात मसाला उकळतात, डोकेदुखीवर, पोटातल्या मुरड्यावर घेतात. कुणी खडीसाखर घालतं, कुणी मुरवलेलं लिंबू. चहा चीनचा आहे, आसामची पत्ती लंडनच्या लिलावात पोचायला अजून दीडशे वर्षं आहेत. पण लिंबू, साखर, मसाला, चहा हे सगळं या किनाऱ्यावर तेव्हाच एकत्र आलेलं आहे.

आता परत या. बारच्या कार्डावर 'मसाला चहा पंच' आहे, खाली ओळ आहे: विलायती क्लासिकला भारतीय तडका. मला ही ओळ मान्य नाही. चव उत्तम आहे, वेलची-आल्याचं प्रमाण नेमकं आहे, फक्त गाव चुकलंय. बारवाल्यांनो, ती ओळ खोडा आणि तिथे लिहा: मुंबई, १६९४.