शेतात काम करताना विजेपासून बचाव

महाराष्ट्रात वीज पडण्याचा धोका मुख्यतः दोन काळांत जास्त असतो: एप्रिल ते जूनमधील वळवाचा पाऊस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस. दुसऱ्या काळात सोयाबीनची काढणी सुरू असते. गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर तयार होतात आणि माणसे त्याच वेळी उघड्या रानात असतात.

पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये. पाऊस पडत असलेल्या जागेपासून १० किमी दूरही वीज पडू शकते. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किमी अंतर असते. ३० सेकंदांच्या आत आवाज आल्यास काम थांबवावे. खरे तर गडगडाट ऐकू येताच निघणे उत्तम. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे शेतात परतू नये.

अडचण येते ती काढलेल्या मालाची. आभाळ भरून आले की घरातील सगळे ताडपत्री घेऊन गंजीकडे धावतात आणि सरी आल्या की जवळच्या झाडाखाली थांबतात. जिवावर बेतते ते इथेच. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर झेपावते, शिवाय मुळांजवळच्या जमिनीतून पसरते. जनावरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने जमिनीतील प्रवाह त्यांच्या छातीतून जातो. म्हणून झाडाला बांधलेली गुरे एकाच वेळी दगावतात. विजांचा अंदाज असेल त्या दिवशी गंजी सकाळीच झाकावी आणि गुरे झाडापासून सोडवून आणावीत.

आसऱ्यासाठी पक्के घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी योग्य. उघडे पत्र्याचे शेड, खोपी, ट्रॅक्टर व दुचाकी सुरक्षित नाहीत. तारेचे कुंपण, विजेचा खांब, पंपाचा स्टार्टर यांपासून दूर राहावे. काहीच जवळ नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून, कान झाकून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. याने धोका कमी होतो, टळत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप २० ते ४० किमी परिसरातील विजांची सूचना देते. मोबाईल वीज ओढतो हा समज चुकीचा आहे, तेव्हा तो घरी ठेवून येऊ नये.

वीज लागलेल्या व्यक्तीच्या अंगात प्रवाह राहत नाही. तिला लगेच हात लावता येतो. १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

जीवितहानी झाल्यास तलाठ्याला त्वरित कळवून पंचनामा करून घ्यावा. मृत जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने शवविच्छेदन करेपर्यंत पुरू नये. त्या अहवालाविना मदतीचे प्रकरण अडते.