गावित, दिलीप महादू

गावित, दिलीप महादू : भारतीय पॅरा धावपटू. शर्यत ४०० मीटर, गट टी-४७. नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातील तोरणडोंगरी या आदिवासी गावचा रहिवासी. लहानपणी झाडावरून पडल्याने झालेल्या दुखापतीत उजवा हात गेला. चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या चौथ्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत २८ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याने ४९.४८ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेतले भारताचे ते शंभरावे पदक होते. पुढच्याच वर्षी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत तो धावला.

मुलूख. सुरगाणा आज नाशिक जिल्ह्यात असला तरी धुळे-जळगावच्या, म्हणजे खानदेशच्या, वाचकाला तो परका नाही. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तोच मुळी अहमदनगर आणि खानदेश या दोन जिल्ह्यांचे तालुके काढून. धुळ्याहून साक्री, पिंपळनेर, सटाणा, कळवण असे पश्चिमेला निघाले की कापूस-मक्याची शिवारे मागे पडतात, डोंगर जवळ येतात आणि पुढे गुजरातच्या डांगाला लागून असलेला हा तालुका सुरू होतो. स्वातंत्र्यापूर्वी सुरगाणा हे एक लहानसे संस्थान होते. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल अशी इथली वस्ती. पीक भात, नागली आणि वरईचे. पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट, हे इथले नेहमीचे चित्र. खरीप उरकला की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात.

गावित हे आडनाव या साऱ्या पट्ट्यात पसरलेले आहे. नंदुरबारकडे ते डॉ. विजयकुमार आणि डॉ. हिना गावित या राजकारण्यांमुळे माहीत, तर सुरगाण्याकडे माजी आमदार जिवा पांडू गावित यांच्यामुळे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकरी मोर्चात जिवा पांडू गावित पुढे होते. दिलीपमुळे हे आडनाव क्रीडापानावर आले.

नाशिकची तालीम. सह्याद्रीच्या या कडेने देशाला धावपटू दिले ते बहुतेक लांब पल्ल्याचे. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे तिचे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले. संजीवनी जाधव, मोनिका आथरे, नंदुरबारचा किसन तडवी ही नावेही त्याच वाटेवरची. चढउताराची पायवाट आणि रोजचे चालणे यांतून दम तयार होतो, मग नाशिकला एखादा मार्गदर्शक भेटतो, असा तो क्रम.

दिलीपही नाशिकला आला आणि प्रशिक्षक वैजनाथ काळे यांच्या हाताखाली घडला. पण त्याच्या वाट्याला आली ४०० मीटरची शर्यत, आणि डोंगरात कमावलेला दम इथे निम्माच कामाला येतो. पहिले दीडशे-दोनशे मीटर जवळजवळ पूर्ण वेगाने जायचे असतात. तिसऱ्या शंभर मीटरला तो वेग राखायचा असतो. शेवटच्या शंभरात स्नायूंत आम्लता साचून पाय शिशाचे होतात आणि पावलांची लय मोडू लागते. धावपटूच्या भाषेत ‘बॉडी लॉक होते’ ती इथे. त्या क्षणी अनुभवी प्रशिक्षक कडेवरून ओरडतो ते ‘हात चालव’ असे. हात जोरात चालले की पाय त्यांच्यामागून ओढले जातात.

एका हाताने धावणे. डावा गुडघा पुढे येतो तेव्हा उजवा हात पुढे येतो. डाव्या पायाच्या झटक्याने कंबर आणि धड वळू पाहतात, आणि हाताचा झोका ते वळण जागच्या जागी फेडतो. उजवा हातच नसेल तर हा हिशेब खांदा, पाठ आणि पोटाच्या स्नायूंना चुकता करावा लागतो. तो पावलापावलाला, शर्यतभर करावा लागतो. म्हणून अशा धावपटूच्या सरावात धावण्याइतकेच पोट-पाठीचे व्यायाम येतात.

वळणावर आणखी एक अडचण असते. मैदानातील धावपट्टीवर शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने जाते, म्हणजे सगळी वळणे डावीकडची. वळण घेताना शरीर आत झुकते आणि बाहेरचा, म्हणजे उजवा हात थोडा रुंद फिरून तोल धरतो. दिलीपकडे नेमका तोच नाही. ४०० मीटरच्या शर्यतीत साधारण निम्मे अंतर वळणावरचे असते.

सुरुवातही वेगळी. पायांखाली स्टार्टिंग ब्लॉक असतात आणि बाकीचे धावपटू दोन्ही हातांची बोटे रेषेमागे टेकून बसतात. हात नसलेल्याला एका हातावर पुढचा भार पेलायचा असतो. ‘सेट’चा पुकारा होऊन कंबर वर उठली की हा भार वाढतो आणि शरीर रिकाम्या बाजूला कलू पाहते. जरासे हलले तरी चुकीची सुरुवात ठरण्याची भीती. यासाठी नियमांत एक सोय आहे : टी-४५ ते टी-४७ या गटांतील खेळाडूंना हाताचा उरलेला भाग टेकवायला लहान उशी किंवा उंचवटा वापरता येतो.

गट म्हणजे काय. ‘टी’ म्हणजे धावपट्टीवरची स्पर्धा आणि पुढचा आकडा अपंगत्वाचा प्रकार सांगतो. टी-४५ मध्ये दोन्ही हात बाधित असतात. टी-४६ मध्ये एका हाताचे नुकसान कोपराच्या वरचे असते, टी-४७ मध्ये खालचे. खेळाडू थोडे म्हणून मोठ्या स्पर्धांत हे तीनही गट टी-४७ या नावाच्या एकाच शर्यतीत एकत्र धावतात. फेकीच्या प्रकारांत याच प्रकारच्या गटाला एफ-४६ म्हणतात.

पाय गमावलेले धावपटू टी-६१ ते टी-६४ या गटांत कृत्रिम पात्यावर धावतात. दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसमुळे ही कार्बन तंतूंची पाती जगाला माहीत झाली. दोन्ही पाय नसलेला हा धावपटू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत धावला. पुढच्याच वर्षी मैत्रिणीच्या हत्येमुळे त्याची कारकीर्द संपली. पात्यांमुळे धावपटूला अवाजवी फायदा मिळतो का, हा वाद क्रीडा लवादापर्यंत गेला. हात नसलेल्यांच्या शर्यतीत असा वाद नाही, कारण तिथे पायाच्या पात्यासारखे वेग देणारे साधन नसते.

हांगझोऊ. आशियाई पॅरा स्पर्धेत भारताची पदके २०१० साली १४ होती. २०१४ ला इंचॉनमध्ये ती ३३ झाली आणि २०१८ ला जकार्तात ७२. हांगझोऊची स्पर्धा २०२२ ची, पण करोनामुळे ती वर्षभर पुढे गेली. तिथे शतक गाठायचे हे संघातल्या प्रत्येकाच्या मनात होते. अखेरचा दिवस उजाडला तेव्हा भारत नव्वदीच्या घरात पोहोचला होता. दिलीपने ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत पार केले आणि शंभरावे पदक सोन्याचे निघाले. स्पर्धा संपली तेव्हा आकडा १११ होता : २९ सुवर्ण, ३१ रौप्य, ५१ कांस्य. भारताच्या कोणत्याही आशियाई किंवा आशियाई पॅरा स्पर्धेतली ती तोवरची सर्वांत मोठी कमाई. त्याच महिन्यात तिथेच संपलेल्या मुख्य आशियाई स्पर्धेत भारताची पदके १०७ होती.

४९.४८ सेकंद म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून थोडे जास्त, ताशी साधारण २९ किलोमीटर. गावातल्या रस्त्यावर मोपेड ज्या वेगाने जाते तो हा वेग. तुलनेसाठी : दोन्ही हात शाबूत असलेल्या मिल्खा सिंग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये याच अंतराला चौथे येताना हातघड्याळावर ४५.६ सेकंदांची नोंद केली होती.

पॅरिस. सप्टेंबर २०२४ मध्ये स्ताद द फ्रान्सवर दिलीपने पात्रता फेरीत ४९.५४ सेकंद घेतले आणि आपल्या शर्यतीत तिसरा येऊन अंतिम फेरीत जागा मिळवली. अंतिम शर्यत तिथल्या ७ तारखेच्या रात्री झाली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. आठ जणांत तो आठवा आला. वेळ ४९.९९.

मोरोक्कोच्या आयमन एल हद्दावीने ती शर्यत ४६.६५ सेकंदांत जिंकून नवा विश्वविक्रम केला. आधीचा ४७.३८ चा विक्रम त्याच्याच देशाच्या अयूब सदनीने टोकियो पॅरालिंपिकमध्ये केलेला होता. म्हणजे विजेता रेषा ओलांडत होता तेव्हा दिलीपपुढे पंचवीस मीटरहून अधिक धावपट्टी शिल्लक होती. हांगझोऊचे सोने आणि पॅरिसचा आठवा क्रमांक यांच्यात दिलीपच्या स्वतःच्या वेळेत फरक पडला तो अर्ध्या सेकंदाचा. बाकी सगळा फरक आशिया आणि जग यांच्यातला आहे. त्या रात्रीच्या बातम्यांत ‘दिलीप अपयशी’ असे म्हणणे सोपे होते, पण आकडे तसे सांगत नाहीत. ५० सेकंदांच्या आतली वेळ त्याने दोन्ही ठिकाणी राखली.

पार्श्वभूमी. भारताची पॅरालिंपिक पदकांची परंपरा महाराष्ट्राच्याच खेळाडूने सुरू केली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांत जिंकले. ते देशाचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. पण मैदानी खेळांत पुढची पदके फेकी आणि उड्यांतून आली. भाल्यात दोन सुवर्णे (२००४ आणि २०१६) जिंकणारा देवेंद्र झाझरिया झाडावर चढताना विजेच्या तारेला लागून हात गमावून बसला होता. उंच उडीत टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे रौप्य मिळवणाऱ्या निषाद कुमारचा हात कडबाकुट्टीत गेला. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीने पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरसह रौप्य जिंकले. त्याचा डावा हात शालेय वयातल्या अपघाताने निकामी झाला होता.

धावण्यात मात्र भारताला पॅरालिंपिक पदक मिळायला पॅरिस उजाडावे लागले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी प्रीती पालने टी-३५ गटात १०० मीटरला कांस्य जिंकले. पाठोपाठ तिने २०० मीटरलाही कांस्य मिळवले, दीप्ती जीवनजीने टी-२० गटात ४०० मीटरचे आणि सिमरनने टी-१२ गटात २०० मीटरचे. भारताच्या एकूण २९ पदकांत धावपट्टीवरची ही चारच. फेकीला एक वर्तुळ आणि एक प्रशिक्षक पुरतो. धावण्याला कृत्रिम धावपट्टी, सोबत पळणारे तुल्यबळ सवंगडी आणि बारा महिने सराव लागतो. दिलीपची अंतिम फेरी या हिशेबात मोजली पाहिजे.

खानदेशातील वाचकासाठी. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, शेतावरून गेलेली विजेची तार, रस्त्यावरचा अपघात : जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यांत हात किंवा पाय गमावलेले मूल शोधायला लांब जावे लागत नाही. असे मूल शाळेत बहुधा खेळाच्या तासाला कडेला बसवले जाते. त्याला मैदानावर आणण्याची वाट फार अवघड नाही. पहिली पायरी दिव्यांग प्रमाणपत्राची. ते जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणीनंतर मिळते आणि त्यासोबत यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के आणि त्यापुढील अपंगत्व सवलतींसाठी धरले आहे.

इथे एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि खेळातला गट या दोन वेगळ्या बाबी आहेत. गट ठरवणारे तज्ज्ञ स्पर्धेच्या ठिकाणी खेळाडूचा हात-पाय मोजतात, त्याची ताकद आणि हालचाल तपासतात, प्रत्यक्ष खेळतानाही पाहतात आणि मग टी किंवा एफचा आकडा देतात. राज्य आणि राष्ट्रीय पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धांखेरीज डिसेंबर २०२३ पासून खेलो इंडिया पॅरा स्पर्धाही सुरू झाली आहे. पहिली दिल्लीत झाली.

दिलीप महादू गावितच्या नावावर आशियाई सुवर्ण आणि पॅरालिंपिकची अंतिम फेरी आहे. सुरगाण्यात ज्या वयात मुले झाडावर चढायला शिकतात, त्या वयात त्याचा हात गेला होता.