शकुंतला-जन्म

शकुंतला-जन्म : राजा रविवर्मा (२९ एप्रिल १८४८–२ ऑक्टोबर १९०६) याच्या प्रसिद्ध पौराणिक चित्रांपैकी एक, आणि १८९४ मध्ये त्याने मुंबईत काढलेल्या छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले रंगीत शिलामुद्रण. मेनका नवजात कन्या विश्वामित्रापुढे धरते आहे आणि तो हात उंचावून तोंड फिरवतो आहे, असा यातील प्रसंग.

कथेचे मूळ महाभारताच्या आदिपर्वात आहे. विश्वामित्राच्या तपाने आपले आसन जाईल या धास्तीने इंद्राने मेनकेस तपोभंगाच्या कामगिरीवर धाडले. तिने ऋषीच्या कोपाचे भय बोलून दाखवले, परंतु हुकूम मोडण्याची सोय नसल्याने, वाऱ्याने आपले वस्त्र उडवावे व मदनाने साहाय्य करावे, एवढी तजवीज मात्र मागून घेतली. म्हणजे विश्वामित्राला जो अनुराग वाटला, तो इंद्राच्या दरबारात ठरवून त्याच्यापुढे मांडलेला देखावा होता. आणि ज्या स्त्रीच्या देहाचा त्यासाठी हत्यारासारखा वापर झाला, तिच्या इच्छेची दखल ना धाडणाऱ्याने घेतली ना भुलणाऱ्याने. पुढे ती अर्भकाला मालिनीच्या काठी ठेवून इंद्रसभेत परतते, पक्षी त्याचे रक्षण करतात आणि कण्वाला ते सापडते. पित्याने कन्येला नाकारल्याचा प्रसंग आदिपर्वातील या कथेत नाही.

चित्राचे खरे मोल या नाकारण्यातच आहे. ऋषीची ही पाठमोरी मुद्रा वैराग्याची खूण म्हणून वाखाणण्याची चाल आहे, ती मान्य करणे कठीण; कारण प्रीती बनावट होती असे मानले, तरी तिच्यातून जन्मलेले मूल बनावट नव्हते, आणि उपभोगाच्या वेळी उघडे असलेले डोळे उत्तरदायित्वाच्या वेळी मिटून घेणारा पुरुष चित्रकाराने येथे, कदाचित त्याच्या स्वतःच्या हेतूपलीकडे जाऊन, प्रेक्षकांच्या समोर रुजू केला आहे.

दगडावर एकेक रंग उतरवून छापलेली अशी चित्रे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. छापखाना १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला, पुढे फ्रित्स श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि १९७२ मध्ये आगीत सापडला. दरम्यान हेच स्त्रीचेहरे काड्यापेट्यांवर आणि जाहिरातींत उतरले; मेनकेला जे इंद्राने केले, ते बाजाराने या चित्रांना केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

चेहरा सर्वांच्या परिचयाचा आणि ज्या स्त्रीचा तो, ती मात्र अनोळखी, हा अन्याय या चित्रांमागील स्त्रियांच्याही वाट्याला आला. रविवर्म्याच्या प्रेरणास्थानांत जिचे नाव घेतले जाते ती अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजार घराण्याची थोर गायिका होती. कुमार गंधर्व व किशोरी आमोणकर यांना तिने तालीम दिली, आणि १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्ती मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.