डबाबंद आंबारस उद्योग
पिकलेल्या आंब्याचा रस निर्जंतुक करून हवाबंद डब्यांत भरण्याचा उद्योग. निकोला आपेर या फ्रेंच संशोधकाने १८१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवाबंद पद्धतीवर तो आधारलेला आहे. आंबारस आम्लधर्मी असल्याने उकळत्या पाण्याच्या तापमानास त्याचे निर्जंतुकीकरण होऊ शकते.

महाराष्ट्रात या उद्योगाचा मुख्य आधार कोकणातील हापूस होय. फळ उत्पादन आदेशाने (१९५५) परवाना व दर्जाविषयक नियम घालून दिले. त्यांची जागा पुढे अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाने (२००६) घेतली. आखाती देश व पश्चिम यूरोप या प्रमुख बाजारपेठा आहेत. यूरोपीय संघाने २०१४ मध्ये फळमाशीमुळे ताज्या भारतीय आंब्यांची आयात काही काळ थांबविली. प्रक्रिया केलेल्या रसाला ही बंदी लागू नव्हती.

रंग व स्वाद यांमुळे हापूसच्या रसाला अधिक भाव मिळतो. तथापि चित्तूर व कृष्णगिरी भागांतील तोतापुरी स्वस्त व विपुल असल्याने पेयनिर्मितीत तिचा वापर मोठा आहे. घाऊक व्यापारात डब्यांबरोबरच पिंपांतील निर्जंतुक पिशव्याही वापरात आल्या.

हंगामाच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, पेटीस न चालणारी लहान वा डागी फळे वजनावर कारखान्यांना विकली जातात. एरवी वाया जाणाऱ्या फळांचे त्यामुळे पैसे होतात. पण नाशवंत माल राखून ठेवता येत नसल्याने दर ठरविताना बागाईतदाराची बाजू दुबळी राहते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने नावाला संरक्षण लाभले, दराचा प्रश्न मात्र सुटला नाही.