तिरप्या अक्षरांचे कुळ

इंग्रजी पुस्तकात एखादा शब्द मध्येच कलून उभा असतो. "गुरुजी, हा वाकडा का?" असे मुले विचारतात. परभाषेतील शब्द, ग्रंथाचे नाव किंवा जोर देण्याचा शब्द असा छापतात, एवढे उत्तर परीक्षेपुरते पुरते. परंतु या तिरप्या अक्षराचे, म्हणजे इटॅलिकचे, कुळ शोधू लागले की आपल्याच घरातील एका विसरलेल्या लिपीची आठवण होते.

व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुटियस याने १५०१ मध्ये लॅटिन कवी व्हर्जिल याचे काव्य सहज हाती धरता येईल अशा लहान आकारात छापले. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने नवे ठसे कोरले. वळण घेतले ते त्या काळच्या विद्वानांच्या भराभर लिहिण्याचे. सारे पुस्तक त्याच अक्षरात होते. कॅपिटल अक्षरे तेवढी सरळ. शब्दावर जोर देण्याचे काम इटॅलिककडे मागाहून आले. तेव्हा इटॅलिक म्हणजे नुसते कललेले अक्षर नव्हे. ते ठशात उतरलेले धावते हस्ताक्षर होय.

असे धावते अक्षर आपल्याकडेही होते. ते म्हणजे मोडी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग होता होईल तो बोरू न उचलता लिहीत जायचे. तिला ठसेही लाभले. बंगालमधील श्रीरामपुरास विल्यम केरी याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीत निघाले; १८१० च्या कोशातील मराठी शब्द मात्र मोडीत छापले गेले. या कामी त्याचे साहाय्यक होते वैजनाथ पंडित, आमच्या नागपूरकडचे! नागपूरकर भोसल्यांची वंशावळही तेथे मोडीत छापली गेली.

पण पुढे वाटा निराळ्या झाल्या. युरोपात सरळ आणि तिरपे अक्षर एकाच पानावर नांदू लागले. आपल्याकडे बालबोध छापखान्यात गेली, मोडी दप्तरात राहिली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने बालबोधीला देखणे रूप दिले. मोडीला असा कोणी वाली भेटला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतूनही गेली.

आता संगणकावर कळ दाबली की देवनागरी कलते. पण त्या कलण्यामागे कोणाचाही लिहिता हात नसतो. आणि मराठीला जोर द्यायला तिरप्या अक्षराची गरज तरी कुठे आहे? आपला एक 'च' ते काम करतो. खरे नुकसान आहे ते वेगळेच. आमच्या वैनगंगेकाठच्या जुन्या घरांतून अजून मोडी कागदांची गाठोडी निघतात. त्यांत शेताची हद्द असते, देण्याघेण्याचा हिशेब असतो, क्वचित एखाद्या आजोबाने लेकीच्या सासरी धाडलेले पत्र असते. नातू ते उलटसुलट करून पाहतो आणि पुन्हा बांधून ठेवतो. भाषा त्याचीच, अक्षर मात्र परके!

२०१४ मध्ये युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात मोडीला स्थान मिळाले. यंत्राने तिला ओळखले. आता आपण ओळखायची. दिवाळीच्या साफसफाईत असे गाठोडे हाती आले, तर वाचकहो, ते रद्दीत घालू नका. घरातील एका मुलाला तरी मोडीची मुळाक्षरे शिकवा.