ॲव्हरेज किती देते?

गाडी कुठलीही असो, आपला पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते? अमेरिकेत २००४ ची टोयोटा प्रियस घेणाऱ्यांना याचं उत्तर काचेवरच छापून मिळालं होतं. शहरात गॅलनला ६० मैल, म्हणजे लिटरला साधारण साडेपंचवीस किलोमीटर. प्रत्यक्षात अनेकांना बरंच कमी मिळालं आणि ओरड सुरू झाली.

आता गंमत बघा. आकडा सरकारी चाचणीचाच होता. पण ती चाचणी १९७० च्या दशकातली, लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर बेतलेली. गाडी रोलरवर, एसी बंद, वेग वाढवायचा तोही हळुवार. हायब्रिडला आणखी काय हवं? अशा चालीत इंजिन वारंवार बंद राहतं. खऱ्या रस्त्यावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिन सुरू. थंडीत ते तापवायला पेट्रोल जातं ते वेगळंच.

१९८५ च्या मॉडेल्सपासून शहराच्या आकड्यातून १० आणि हायवेच्या आकड्यातून २२ टक्के कापले जात होते. हायब्रिडला ही कात्री पुरली नाही. मग २००८ च्या मॉडेल्सपासून ईपीएने जास्त वेग, एसी आणि थंडीही हिशेबात धरली. नव्या पद्धतीने त्याच प्रियसचे ६० चे ४८ झाले. गाडी तीच, मोजपट्टी बदलली!

आम्हा प्रोग्रामर मंडळींना बेंचमार्कचा हा खेळ रोजचाच. म्हणून मला वाटतं, असा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरावा, महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब मांडायला नाही. हायब्रिडसाठी जादा पैसे मोजताना तर नाहीच नाही. तुमचं रोजचं ट्रॅफिक त्या रोलरला ठाऊक नसतं.